करमणुकीची आगाऊ वर्गणी

चित्रपटगृहाची मासिक वर्गणी भरणें परवडतें काय, हा प्रश्न अलीकडे पुष्कळ घरांतून निघतो. अमेरिकेंतील एक उदाहरण या बाबतींत बोलकें आहे.

मूव्हीपास नांवाच्या कंपनीनें ऑगस्ट २०१७ मध्यें महिन्याला अवघ्या ९.९५ डॉलरांत रोज एक चित्रपट देऊं केला. चित्रपटगृहांना मात्र तिकिटाची पुरी किंमत ती स्वतः मोजीत असे. बहुतेक सभासद क्वचितच येतील, हा तिचा आडाखा. जून २०१८ पर्यंत सभासद तीस लाखांवर गेले, ते खरोखरच येऊं लागले, खर्च पेलेना. सप्टेंबर २०१९ मध्यें योजना बंद पडली.

तात्पर्य, वर्गणीचा धंदा आपल्या गैरहजेरीवर चालतो. म्हणूनच अटी येतात. आपल्याकडे पीव्हीआर आयनॉक्सनें ऑक्टोबर २०२३ मध्यें ६९९ रुपयांत महिना दहा चित्रपटांची सवलत काढली, ती सोमवार ते गुरुवार एवढीच. नोकरदाराला सवड सांपडते ती शनिवारीं-रविवारीं!

तेव्हां पैसे भरण्यापूर्वीं, गेल्या तीन महिन्यांत सवलतीच्या वारीं आपण किती चित्रपट पाहिले, तें मोजावें. त्यांच्या तिकिटांची किंमत तितक्याच महिन्यांच्या वर्गणीहून अधिक भरली, तरच सभासद व्हावें. ‘यापुढें नेमानें जाऊं’ हा संकल्प जमेस धरूं नये.