इंग्रजीचा तास आणि ऑनलाइन चर्चा

संकल्पना

एका प्रश्नाभोवती अनेकांची लेखी मते जमतात, ती सर्वांना वाचता येतात आणि प्रत्येक मतावर इतरांना उत्तर देता येते, अशा सोयीला ऑनलाइन चर्चासाधन म्हणतात. यातला शेवटचा भाग निर्णायक आहे. विद्यार्थ्याने उत्तर पाठवले आणि शिक्षकाने ते तपासले, एवढाच व्यवहार होत असेल तर तो गृहपाठच राहतो. एकाचे वाक्य वाचून दुसऱ्याला काही लिहावेसे वाटते, तेथून सहकार्य सुरू होते.

गरज

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. तरीही नववी-दहावीच्या तासाला इंग्रजीत बोलणारे विद्यार्थी मोजकेच असतात. त्याचे एक कारण वेळेत दडलेले आहे. अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात. हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला तर उत्तरे लांबतात आणि अधिक मुले बोलू लागतात. परभाषेत तीन सेकंदही अपुरे पडतात. विचार मराठीत सुचतो, त्याला इंग्रजी शब्द शोधायचा, मग काळ आणि क्रियापद जुळवायचे. तोवर पहिल्या बाकावरचे उत्तर आलेले असते. लेखी चर्चेत हाच अवधी काही तासांचा होतो.

मार्क वॉर्शॉअर यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी शिकणाऱ्या १६ विद्यार्थ्यांची समोरासमोरची आणि संगणकावरची चर्चा ताडून पाहिली. संगणकावर सहभाग अधिक समान झाला आणि भाषाही अधिक गुंतागुंतीची आली. मात्र उलट प्रश्न विचारणे, समजले का याची खात्री करून घेणे अशा देवघेवीच्या क्रिया कमी झाल्या. अभ्यास लहान आहे, पण त्याचे दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले पाहिजेत: साधनामुळे बोलणारे वाढतात, ऐकणारे आपोआप वाढत नाहीत.

साधनांची रचना

व्हॉट्सॲपचा गट सर्वांना परिचित आहे, पण तेथे संदेश एका रांगेत येतात. चाळीस जण लिहू लागले की कोणते उत्तर कोणाला दिले हे कळेनासे होते. मूळ संदेश जोडून उत्तर देण्याची सोय वापरली तर हा गोंधळ थोडा आवरतो. पॅडलेट ही चिठ्ठ्या लावण्याची भिंत आहे. सर्व मते एका नजरेत दिसतात आणि शिक्षकाची मान्यता मिळाल्यावरच चिठ्ठी उघड व्हावी अशी व्यवस्था करता येते. २०१४ मध्ये आलेल्या गूगल क्लासरूममध्ये प्रश्न देऊन मुलांना एकमेकांच्या उत्तरांवर लिहू देता येते.

इंग्रजीच्या दृष्टीने सर्वांत विचारपूर्वक केलेली सोय मूडल या मुक्त प्रणालीत आहे. तिच्या एका चर्चाप्रकारात स्वतःचे मत लिहिल्याशिवाय इतरांची मते दिसत नाहीत. त्यामुळे वर्गातील हुशार मुलाचे वाक्य उतरवून घेण्याचा मार्ग बंद होतो आणि नंतरचे वाचन खऱ्या उत्सुकतेने होते. इतर साधनांतही ‘आधी लेखन, मग वाचन’ हा नियम शिक्षकाला स्वतः घालून देता येतो.

पाटससाठी विषय

चर्चा फसते ती बहुधा प्रश्नामुळे. धड्यातील पात्राचे नाव काय, यावर चर्चा होऊ शकत नाही. मुलांच्या रोजच्या जगातील प्रश्नावर मात्र होऊ शकते. उदाहरणार्थ पाटस घ्या: हे दौंड तालुक्यातील, पुणे-सोलापूर महामार्गावरचे गाव. भीमा सहकारी साखर कारखाना येथेच आहे, आणि संत तुकाराम महाराजांची पालखी वरवंडहून पाटस व रोटी घाटमार्गे बारामतीच्या दिशेने जाते. गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्यांना दिवसा महामार्गावर बंदी असावी का, या प्रश्नावर सायकलने शाळेत येणाऱ्या मुलीचे आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या मुलाचे मत वेगळे असणार. दोघांकडे सांगण्यासारखे आहे, फक्त इंग्रजी शब्द कमी आहेत. मग एकाने वापरलेला ‘रिफ्लेक्टर’ किंवा ‘ओव्हरलोडेड’ हा शब्द दुसरा उचलतो, आणि शब्दसंग्रह अर्थासकट वाढतो.

याचा परीक्षेशीही संबंध आहे. दहावीच्या इंग्रजी लेखनकौशल्यांत दिलेल्या मताच्या विरुद्ध मत मांडण्याचा ‘व्ह्यू-काउंटरव्ह्यू’ हा प्रकार आहे. एरवी तो मार्गदर्शकातून पाठ केला जातो. येथे विरुद्ध मत खरोखर समोर असते.

प्रतिसाद आणि दुरुस्ती

‘नाइस’, ‘आय ॲग्री’ आणि अंगठ्याचे चिन्ह यांनी गट भरून जातो. म्हणून प्रतिसादाची किमान अट हवी: मित्राचे एक वाक्य उद्धृत करायचे, आणि त्याला कारण, उदाहरण किंवा प्रश्न जोडायचा. पाच-सहा जणांचा गट पुरेसा आहे; त्याहून मोठ्या गटात कोणी कोणाचे पूर्ण वाचत नाही. प्रत्येक चूक तेथल्या तेथे लाल केली तर लिहिणे थांबते. नेहमीच्या चार-पाच चुका टिपून, नावे न घेता, दुसऱ्या दिवशी फळ्यावर घेणे अधिक उपयुक्त.

शिक्षकांचा अनुभव

राज्यातील शिक्षकांना ही पद्धत अगदीच नवी नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘तेजस’ प्रकल्पात राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांनी प्राथमिक इंग्रजी शिक्षकांचे स्थानिक अभ्यासगट बांधले आणि भेटींच्या मधल्या काळात समाजमाध्यमांवरील गटांतून चर्चा चालू ठेवली. माध्यमिक इंग्रजी शिक्षकांसाठी ‘चेस’ हा उपक्रमही अशाच गटांवर उभा होता. याउलट २०२० च्या टाळेबंदीत मोबाइलवरील वर्गगट मुख्यतः अभ्यास पोहोचवण्यासाठी वापरले गेले. त्या दिवसांत ते आवश्यकच होते, पण त्यातून मुलांना गट म्हणजे वरून खाली येणारी सूचना, अशी सवय लागली. चर्चा सुरू करताना ही सवय आधी मोडावी लागते.

मर्यादा

अनेक घरांत मोबाइल एकच असतो आणि तो वडिलांसोबत रात्री घरी येतो. ऊसतोडीसाठी आलेल्या कुटुंबांतील मुलांची अडचण याहून मोठी आहे. अशा वेळी मुले कागदावर लिहितात आणि शाळेतील एका संगणकावरून गटाचे उत्तर चढवतात. वेग कमी होतो, चर्चा टिकते. व्हॉट्सॲपसाठी वयाची अट १३ वर्षांची आहे, आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानून पालकांच्या संमतीचे तत्त्व मांडतो. मुलींचे क्रमांक गटात सर्वांना दिसणे हा तर गावातील पालकांचा रास्त आक्षेप आहे. क्रमांक न दाखवणारे साधन निवडणे हा त्यावरचा उपाय.

भाषांतर करणाऱ्या ॲपमधून आलेले निर्दोष परिच्छेद ही नवी अडचण आहे. त्यावर पहारा ठेवणे कठीण. मात्र दुसऱ्या दिवशी त्याच मुद्द्यावर वर्गात दोन मिनिटे बोलायचे आहे हे आधीच ठाऊक असेल, तर मुले स्वतःला उच्चारता येतील अशी वाक्ये लिहितात. उच्चार, आघात आणि समोरच्याला मध्येच थांबवून विचारणे या गोष्टी लेखी चर्चेत येत नाहीत. त्या या दोन मिनिटांतच शिकवता येतात.