माणसे वाढवली की काम लवकर होते?

एक मजूर दहा दिवसांत चर खणतो, तर दहा मजूर किती दिवसांत खणतील? तुम्ही म्हणाल, एका दिवसात! पण रोह्याच्या एखाद्या मंडळाने घाई केली, म्हणून पेणच्या मूर्तिकाराने कारागीर दुप्पट केले, तरी रंगापूर्वी शाडूची मूर्ती वाळायला लागायचा तो वेळ लागतोच.

संगणकाच्या आज्ञावलीचेही असेच. शिवाय तिथे प्रत्येकाला इतरांशी काम जुळवून घ्यावे लागते. तिघांत अशा ३ जोड्या होतात. दहा जणांत ४५! नव्यांना शिकवण्यात जुन्यांचाच वेळ जातो. म्हणून रखडलेल्या कामावर माणसे वाढवली तर ते आणखी रखडते, असे फ्रेडरिक ब्रुक्स या संगणकतज्ज्ञाने १९७५ साली दाखवून दिले.

तेव्हा अंदाज बांधताना आधी पाहा: कोणते काम वाटून घेता येईल आणि कोणते नाही? आता सांगा, वीस जणांत जोड्या किती?