मज्जारज्जूचा पहारा आणि शिरेतील भूल

खामगाव, मलकापूर, चिखलीच्या पेठांतील घरांत मणक्याच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, ‘नंतर पाय चालतील ना?’ मग शल्यचिकित्सक कोण, अकोल्याला जावे की नागपूरला, याची चौकशी होते. भूल कोणती, हे क्वचितच कोणी विचारते. वाकलेला कणा सरळ करणे किंवा मज्जारज्जूलगतची गाठ काढणे अशा शस्त्रक्रियांत मात्र हा प्रश्न मोलाचा ठरतो.

अशा वेळी मज्जारज्जूवर पहारा ठेवता येतो. डोक्याच्या त्वचेवरून क्षणिक विद्युत्-स्पंद देतात आणि हातापायांच्या स्नायूंचा प्रतिसाद पडद्यावर उमटतो. तो मंदावला, तर शल्यचिकित्सक थांबून कारण शोधतो. हे साधन रूढ होण्यापूर्वी, १९७३ मध्ये, फ्रान्समधील स्टान्यारा व सहकाऱ्यांनी रुग्णाला मध्येच जागे करून पाय हलवायला सांगण्याची पद्धत मांडली होती.

श्वासावाटे दिलेले भुलीचे वायू हे संकेत क्षीण करतात; स्नायू शिथिल करणारे औषध तर प्रतिसादच झाकते. म्हणून प्रोपोफॉल आणि तीव्र वेदनाशामक औषध पंपाद्वारे शिरेतून अखंड देण्याला पसंती मिळते. प्रोपोफॉलचा शोध लावणारे पशुवैद्य जॉन ग्लेन यांना २०१८ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

येथे आपल्या घरांनी एक गोष्ट जाणून घेतली पाहिजे. प्रोपोफॉल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे त्याच्या प्रचलित पांढऱ्या द्रावणात सोयाबीन तेल आणि अंड्याच्या बलकातील लेसिथिन असते. अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या रुग्णाला हे शस्त्रक्रियेनंतर कळणे योग्य नव्हे. पर्यायांविषयी भूलतज्ज्ञांना अवश्य विचारावे. कमी मात्रेतील वायू किंवा केटामिनसारख्या औषधांचा काही वेळा आधार घेता येतो. मात्र वायूमुळे संकेत अस्पष्ट झाले, तर धोक्याची सूचना निसटू शकते, हेही समजून घ्यावे.

नुकताच केलेला दीर्घ उपवास, फिट्सचा आजार, पेसमेकर, चालू औषधे, काहीही लपवू नये. गुरुजनांचा सल्ला हवा असल्यास तोही आधीच घ्यावा. व्रत जपायचे की अपवाद स्वीकारायचा, हा निर्णय रुग्णाचाच. परंतु तो संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी, पूर्ण माहितीनिशी झालेला असावा.