रेडिओ लहरी, सोन्याचे नॅनोकण आणि कॅन्सरची गाठ : खरं किती, पुढचं किती?



"सुई नाही, चिरफाड नाही, केस गळणं नाही. बाहेरून लहरी सोडायच्या आणि गाठ आपोआप विरघळते." अशा अर्थाचे व्हिडिओ हल्ली मोबाईलवर सारखे फिरत असतात. शिरूर असो की दौंड, घरात कुणाला कॅन्सर निघाला की दोन दिवसांत कुणीतरी पाहुणा असा व्हिडिओ पाठवतोच. मग घरात प्रश्न पडतो, ऑपरेशनची तारीख घ्यायची की थांबायचं?

हे सगळं थोतांड आहे असं म्हणून मोकळं होता येत नाही, कारण यामागे खरोखरचं संशोधन आहे आणि त्याचा एक धागा आपल्या पुण्यातल्या पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेपर्यंत, म्हणजे एनसीएलपर्यंत येतो. पण संशोधन चालू असणं वेगळं आणि उपचार तयार असणं वेगळं. हा फरक नीट कळावा म्हणून आजचा पाठ.

आधी एक घोळ मिटवू. 'रेडिओथेरपी' आणि 'रेडिओ लहरी' या दोन गोष्टी एक नाहीत. दवाखान्यात लोक ज्याला 'शेक देणं' किंवा 'लाईट देणं' म्हणतात ती रेडिओथेरपी. तिथे क्ष-किरण किंवा गॅमा किरण वापरतात. त्यांची ऊर्जा इतकी जास्त असते की पेशीतला डीएनए तुटतो. रेडिओ लहरींना हे जमत नाही. विद्युतचुंबकीय लहरींच्या तक्त्यात त्या अगदी दुसऱ्या टोकाला आहेत. पुणे आकाशवाणीचं ७९२ किलोहर्ट्झ हे केंद्र आठवतं ना? त्या लहरीची लांबी जवळजवळ ३७९ मीटर. एफएम १०१ ची लांबी साधारण तीन मीटर. खोडदची ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण आकाशातून येणाऱ्या अशाच लहरी टिपते. या लहरी रेणू तोडू शकत नाहीत. जोरदार असल्या तर त्या एकच काम करतात, ते म्हणजे तापवणं. दुसरा गुण असा की त्या शरीरात खोलवर जातात. टॉर्च तळहाताखाली धरून पाहा. हात नुसता लालसर दिसतो, बाकीचे रंग मधेच अडतात. हा प्रयोग लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

आता उष्णतेचं बघू. शरीराचं तापमान ३७ अंश. पेशी साधारण ४२ ते ४५ अंशांवर काही काळ राहिली की तिच्यातली प्रथिनं बिघडू लागतात, त्याच्याही वर गेलं की ती मरते. निरोगी भागात रक्त खेळतं असतं, ते उष्णता वाहून नेतं. कॅन्सरच्या गाठीतल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या असतात, त्यामुळे गाठ लवकर निवत नाही. म्हणजे गाठ तापवून मारता येईल ही कल्पना चुकीची नाही आणि नवीनही नाही. अडचण एकच, आणि ती फार मोठी आहे : फक्त गाठच कशी तापवायची? गुऱ्हाळावर काहिलीखाली जाळ घातला की रस सगळीकडून तापतो. त्यातला एकच चमचाभर रस उकळायचा आणि बाकीचा कोमट ठेवायचा, असं सांगितलं तर गुळव्या हात जोडेल.

इथे नॅनोकण येतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपला केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. वीस नॅनोमीटरचे कण ओळीने ठेवले तर केसाच्या जाडीत चार हजार मावतील. असे धातूचे किंवा कार्बनचे कण फक्त गाठीत पोहोचवायचे आणि बाहेरून लहर सोडायची. कण तापतील, गाठ भाजेल, बाकी शरीराला काही होणार नाही. कागदावर किती सोपं दिसतं!

रेडिओ लहरींनी हे करून पाहणारा माणूस डॉक्टर नव्हता. जॉन कांझियस हे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ईरी गावचे. रेडिओ-टीव्ही केंद्रांच्या व्यवसायात त्यांचं आयुष्य गेलं. २००२ मध्ये त्यांना रक्ताशी संबंधित कॅन्सर निघाला. केमोथेरपी घेताना सोसावं लागलं आणि वॉर्डात लहान मुलंही तेच सोसताना दिसली. ट्रान्समीटरजवळ धातू तापतो हे त्यांना धंद्यामुळे ठाऊक होतं. त्यांनी घरी, बायकोच्या स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या ताटल्या घेऊन, यंत्राचा पहिला नमुना जुळवला. पुढे टेक्सासमधल्या एम. डी. अँडरसन कॅन्सर केंद्राचे शल्यचिकित्सक स्टीव्हन कर्ली यांनी त्यावर रीतसर प्रयोग केले. २००७ मध्ये छापलेला प्रयोग असा : सशांच्या यकृतातल्या गाठीत कार्बनच्या नॅनोनळ्या टोचल्या आणि १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरी दोन मिनिटं सोडल्या. ४८ तासांनी पाहिलं तर त्या गाठी मेलेल्या होत्या. नुसत्या नळ्या टोचलेल्या किंवा नुसत्या लहरी दिलेल्या गाठी जिवंत होत्या.

बातम्यांनी एवढंच उचललं. पण शोधनिबंध पूर्ण वाचला तर आणखी दोन गोष्टी दिसतात. एक, नळ्या थेट गाठीत सुईने टोचल्या होत्या, म्हणजे 'सुई नाही' हे काही जमलं नव्हतं. दोन, गाठीभोवतीचं दोन ते पाच मिलिमीटर निरोगी यकृतही भाजलं होतं. यकृताच्या कडेला ते चालून जाईल, मोठ्या रक्तवाहिनीला खेटून असलेल्या गाठीत नाही.

पुढे तर मुळावरच घाव बसला. इतर शास्त्रज्ञांनी सोन्याचे कण असलेलं द्रावण तापवून पाहिलं, मग कण गाळून काढून तेच द्रावण पुन्हा तापवलं. कणांशिवायही ते जवळपास तेवढंच तापलं! म्हणजे तापत होते ते पाण्यातले क्षार. मिठाच्या पाण्यातून वीज वाहते आणि पाणी तापतं, तोच प्रकार. आपलं रक्त म्हणजे क्षारांचंच पाणी, तेव्हा याचा अर्थ काय ते तुम्हीच ओळखा. सोन्याचे कण रेडिओ लहरींत खरोखर तापतात की नाही, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. कांझियस २००९ मध्ये वारले. त्यांच्या नावाची संशोधन संस्था २०१४ मध्ये बंद झाली, आणि तोपर्यंत या यंत्राचा उपचार म्हणून वापर सुरू झालेला नव्हता. माणूस तळमळीचा होता, फसवा नव्हता. पण तळमळ हा काही पुरावा नव्हे.

(याच यंत्रासमोर मिठाचं पाणी ठेवलं तर ते पेटतं, हा व्हिडिओही तुम्ही पाहिला असेल. पाणी पेटत नाही. लहरींच्या ऊर्जेने त्यातून हायड्रोजन सुटतो आणि तो पेटतो. घातलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त ऊर्जा त्यातून मिळत नाही, त्यामुळे पाण्यावर गाडी चालणार नाही.)

आता पाषाण. एनसीएलमध्ये मुरली शास्त्री यांच्या गटाने २००४ मध्ये 'नेचर मटेरियल्स' या नामांकित नियतकालिकात एक निबंध छापला. गवती चहाच्या जातीतल्या गवताचा काढा सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात मिसळला, तोही साध्या खोलीच्या तापमानाला. भट्टी नाही, घातक रसायन नाही, तरी सोन्याचे चपटे त्रिकोणी नॅनोकण तयार झाले. या त्रिकोणांची खुबी अशी की ते अवरक्त प्रकाशाचा तांबड्याला लागून असलेला भाग भरपूर शोषतात. टॉर्चचा प्रयोग आठवा. तांबडा प्रकाश मांसातून थोडाफार पार होतो. त्याच्या पलीकडचा हा अदृश्य प्रकाश आणखी थोडा आत जातो. म्हणून रेडिओ लहरींऐवजी या प्रकाशाने सोन्याचे कण तापवायचे, हा दुसरा रस्ता जगभर धरला गेला. माझ्या मते तो जास्त भक्कम आहे, कारण इथे सोनंच तापतं याबद्दल वाद नाही.

आयआयटी मुंबईचे रोहित श्रीवास्तव आणि खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक संस्थेतले अभिजित डे यांच्या गटांनी चरबीच्या बारीक पिशव्यांवर सोन्याचा मुलामा चढवला. काम झाल्यावर त्या मोडून शरीराबाहेर पडाव्यात अशी रचना होती. २०१५ मध्ये त्यांचे उंदरांवरचे चांगले निष्कर्ष छापून आले. उंदरांवरचे, हे विसरू नका. अमेरिकेत सोन्याच्या नॅनो-कवचांची चाचणी माणसांवर झाली. प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या १६ रुग्णांचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, त्यातल्या १५ जणांवर ही प्रक्रिया पार पडली. आशादायक आहे, पण आकडा १६ च आहे, आणि लेसरची तार सुईसारखी आत घालावीच लागली.

तिसरा रस्ता लोखंडाच्या ऑक्साईडचा. चुंबकीय क्षेत्र सेकंदाला लाखभर वेळा उलटसुलट केलं की हे कण तापतात. आयआयटी मुंबईत धीरेंद्र बहादूर यांच्या गटाने अशा कणांवर बरंच काम केलं आहे. जर्मनीतल्या एका कंपनीला २०१० मध्ये मेंदूच्या गाठीसाठी याची युरोपीय परवानगीही मिळाली. तरी कवटीला भोक पाडून कण गाठीत टोचावे लागतात, दातातलं धातूचं सिमेंट आधी काढावं लागतं, आणि नंतर त्या जागेचा एमआरआय नीट निघत नाही. सोबत रेडिओथेरपी चालूच असते.

बहुतेक जण पुन्हा पुन्हा टोचतातच का, शिरेतून कण सोडून का देत नाहीत? कारण त्यातले फारच थोडे गाठीपर्यंत पोहोचतात. दहा वर्षांतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांचा आढावा २०१६ मध्ये छापला गेला. शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोहोचलेले साधारण ०.७ टक्के. बाकीचे यकृत आणि प्लीहा गिळून टाकतात. हजार पत्रं टाकली आणि सात पोहोचली, असं हे टपालखातं आहे. हा प्रश्न सुटेल तेव्हा या लेखाचं शीर्षक बदलावं लागेल.

मग रेडिओ लहरींचा आज काहीच उपयोग नाही का? आहे की. यकृतातल्या लहान गाठीत, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवर पाहून, बारीक सुई घालतात आणि तिच्या टोकातून रेडिओ वारंवारतेची वीज सोडून गाठ भाजतात. याला रेडिओफ्रिक्वेन्सी अब्लेशन म्हणतात. पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत ते होतं. सुई लागते, पण पोट फाडावं लागत नाही. ते प्रत्येक गाठीला चालत नाही, आणि कुणाला चालेल हे कॅन्सरचे डॉक्टर तपासण्या पाहून ठरवतात.

आता पाहुण्याने पाठवलेल्या व्हिडिओकडे वळू. कुणी 'प्रायोगिक लहरी उपचार' देतो म्हणाला तर त्याला सरळ विचारा, "चाचणीचा सीटीआरआय नंबर काय?" भारतात औषधोपचाराची माणसांवरची चाचणी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया या सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते. २००९ पासून ते सक्तीचं आहे. ही नोंदवही इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते. त्यात कुठल्या दवाखान्यात, कुठल्या आजारासाठी, किती रुग्णांवर चाचणी चालू आहे ते लिहिलेलं असतं. खऱ्या चाचणीत रुग्णाला कळेल अशा भाषेत लेखी माहिती देऊन सही घेतात, आणि प्रायोगिक उपचाराचे पैसे सहसा रुग्णाकडून घेत नाहीत. नंबर सांगता येत नसेल आणि आगाऊ लाखभर मागत असतील, तर ती चाचणी नव्हे. आणि चालू असलेली केमो आधी बंद करा असं कुणी सांगितलं, तर तिथून उठा. तोंडाचा किंवा स्तनाचा कॅन्सर तीन महिने थांबत नाही. आज ऑपरेशनने निघणारी गाठ तोवर मानेत किंवा काखेत उतरू शकते.

पैशांची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे बरेच उपचार येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, आधार आणि रेशनकार्ड घेऊन आधी त्यांना भेटा. घरातल्या तिशीपुढच्या माणसांची तोंडाची, आणि बायकांची स्तनाची व गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत राष्ट्रीय कार्यक्रमाखाली फुकट होते. तुमच्या गावात ती कोणत्या दिवशी असते, हे आशाताईंना विचारून उद्या वहीत लिहून आणा.