टाक्यांमुळे उद्भवणारे दृष्टिवैषम्य

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत छेद शिवताना घातलेल्या टाक्यांच्या ताणामुळे पारपटलाची (कॉर्नियाची) वक्रता बदलून जो दृष्टिदोष निर्माण होतो, त्यास टाक्यांमुळे उद्भवणारे दृष्टिवैषम्य असे म्हणतात. कृत्रिम भिंग योग्य जागी बसलेले असूनही या दोषामुळे रुग्णास धूसर दिसते आणि शस्त्रक्रिया फसली असा त्याचा समज होऊ शकतो.

कारण

डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम पारपटल करते. त्याची वक्रता सर्व दिशांना जवळजवळ सारखी असल्यास प्रतिमा स्पष्ट उमटते. जुन्या पद्धतीत १० ते १२ मिलिमीटरचा छेद डोळ्याच्या वरच्या बाजूस घेऊन तो नायलॉनच्या बारीक धाग्याने शिवत. टाका घट्ट बसल्यास छेदालगतच्या ऊती आवळल्या जातात आणि पारपटलाच्या मध्यभागाची उभी वक्रता वाढते. टाका सैल राहिल्यास छेदाच्या कडा विलग होऊन उभी वक्रता घटते व आडवी दिशा तुलनेने अधिक वक्र ठरते.

टाक्यांची पद्धत

टाक्याची लांबी, खोली, दिशा व ताण या सर्वांचा परिणाम होतो. लांब व घट्ट टाका अधिक ऊती आवळतो. तिरपा टाका दोषाचा अक्ष फिरवतो. सलग टाक्यात ताण छेदभर विभागला जातो, तर सुटे टाके एकेक करून काढता येतात. म्हणून काही शल्यविशारद शस्त्रक्रियेच्या वेळीच केरॅटोमीटरने वक्रता तपासून ताण जुळवतात.

टाके काढणे

जखम पुरेशी भरल्यावर, बहुधा काही आठवड्यांनी, जी दिशा अधिक वक्र असेल त्या दिशेचा घट्ट टाका कापतात. ही घाई केल्यास कडा विलग होऊन उलट दिशेचा दोष उद्भवतो. नायलॉनही कालांतराने झिजत असल्याने वक्रता पुढेही बदलू शकते. म्हणून ती स्थिरावेपर्यंत चष्म्याचा अंतिम क्रमांक दिला जात नाही.

लहान छेद

चार्ल्स केल्मन यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या फेकोइमल्सिफिकेशन पद्धतीत भिंगाचा चुरा करून ते शोषून घेतात. आज त्यासाठी सुमारे २ ते ३ मिलिमीटरचा छेद पुरतो व तो सहसा टाक्याविना मिटतो. भारतात प्रचलित असलेल्या, सुमारे ६ ते ७ मिलिमीटरच्या बोगद्यासारख्या छेदाच्या शस्त्रक्रियेतही बहुधा टाके लागत नाहीत. मात्र छेदामुळेही वक्रता थोडी बदलते. त्यामुळे टाके टळले तरी दृष्टिवैषम्य पूर्णपणे टळतेच असे नाही.