दोन गायींचा गोठा आणि जातीचा घोळ

केडगावात दूध कुठे घालायचं याची चिंता नसते. नगर शहराला खेटून, पुणे रस्त्यावर, महापालिकेच्या हद्दीत आलेलं हे गाव. (दौंडकडचं केडगाव वेगळं.) डेअरी जवळ, शहरातली गिऱ्हाइकं त्याहून जवळ. चिंता असते ती गाय कोणती घ्यायची याची. नोकरी सांभाळून किंवा उरलेल्या एक-दीड एकरावर दोन-तीन गायींचा गोठा घालू पाहणारा माणूस वाळकी, घोडेगाव, काष्टी किंवा लोणीच्या बाजारात उभा राहिला की चार जण चार सल्ले देतात, आणि प्रत्येक सल्ला जातीच्या नावानेच सुरू होतो. माझ्या मते सुरुवात तिथून करायचीच नाही. आधी चारा-पाणी बघावं, मग दूध डेअरीला घालणार की रतीब लावणार हे ठरवावं. ही दोन उत्तरं पक्की झाली की जातीचा प्रश्न निम्मा सुटलेला असतो. ज्यांची ती पक्की नसतात, त्यांना पुढचे समज फसवतात.

‘जास्त लिटरची गाय म्हणजे जास्त नफा’

सगळ्यात महाग पडणारा समज हाच. पंचवीस लिटरची गाय बघून डोळे दिपतात, पण ते दूध येतं कुठून याचा हिशेब तिथे कोणी मांडत नाही. साधारण ४०० किलो वजनाच्या गाईला नुसत्या शरीरपोषणासाठी दिवसाला दीड किलोच्या आसपास खुराक लागतो, आणि पुढे प्रत्येक लिटर दुधामागे साधारण ४०० ग्रॅम. म्हणजे १२ लिटरच्या गाईला सव्वासहा किलो आणि २५ लिटरच्या गाईला साडेअकरा किलो पेंड रोज. शिवाय २० ते २५ किलो हिरवा चारा आणि ५-६ किलो कडबा किंवा भुसा आहेच. आता साडेअकरा किलो खुराक पचवणं ही गाईच्या पोटाचीच परीक्षा असते. चाऱ्याचं आणि पेंडीचं प्रमाण थोडं जरी चुकलं तरी पोटात आम्ल वाढतं, गाय चारा सोडते, फॅट खाली येते, खुरं दुखू लागतात. व्याल्यानंतर दूध जोरात आणि पोषण कमी, अशा गाईला किटोसिस गाठतो, आणि ती वेळेवर माजावर येत नाही. आली तरी उलटते. एकदा उलटली की २१ दिवस वाया जातात, आणि त्या दिवसांत पेंड थांबत नाही.

जुन्या मुरलेल्या गोठ्यांत अशा गायी चांगल्या चालतात, कारण तिथे मुरघासाच्या बॅगा भरलेल्या असतात, डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतो आणि माणसाचा हात बसलेला असतो. नवख्याला बारा-चौदा लिटरची, पण तेरा-चौदा महिन्यांनी नेमाने विणारी गाय वर्षाअखेरीस जास्त पैसे देते. दर पडतो तेव्हा हा फरक फार जाणवतो. २०२४ मध्ये गाईच्या दुधाचा भाव २६-२७ रुपयांवर घसरला, सरकारला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावं लागलं, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या कोतूळला दूध उत्पादक आंदोलनाला बसले. भाव कोसळला तरी पंचवीस लिटरच्या गाईची पेंड अर्धी करता येत नाही.

चाऱ्याचंही एकदा मोजून घ्या. रोजचे २५ किलो धरले तर एका गाईला वर्षाला नऊ टनांहून जास्त हिरवा चारा लागतो. दोन गायी, त्यांच्या कालवडी आणि उन्हाळ्याची तूट धरली तर हक्काची अर्धा-पाऊण एकर बागायत चाऱ्याखालीच जाते. ‘फुले जयवंत’सारखं संकरित नेपियर, एक तुकडा मका आणि थोडा लसूणघास असला म्हणजे निभतं. नगर तालुका पर्जन्यछायेतला आहे. २०१९ च्या उन्हाळ्यातल्या चारा छावण्या ज्यांनी पाहिल्या, त्यांना ‘विकत घेऊ की चारा’ हे वाक्य किती पोकळ आहे ते सांगावं लागत नाही. इथून जवळच असलेल्या हिवरे बाजारने आधी पाणी अडवलं, मोकाट चराई बंद केली, गवत वाढवलं. तिथलं दूध त्यानंतर वाढलं.

‘एचएफचं रक्त जितकं वरचं, तितकी गाय भारी’

पहिल्यांदा एक साधी गोष्ट. आपल्याकडे कुठल्याही संकरित गाईला ‘जर्शी’ म्हणतात, पण बाजारातल्या काळ्या-पांढऱ्या गायी बहुतेक होल्स्टिन फ्रिजियनच्या, म्हणजे एचएफच्या संकरातल्या असतात. जर्सी ही लहान चणीची, तांबूस, कमी खाणारी आणि जास्त फॅट देणारी जात आहे.

एचएफ मूळची हॉलंडच्या थंड, ओल्या हवेतली. तिच्या अंगातलं परदेशी रक्त पाऊणच्या वर गेलं की एप्रिल-मे महिन्यांत नगरच्या चाळिशीच्या तापमानात ती धापा टाकते, चारा कमी खाते, दूध उतरतं आणि गाभण राहणं लांबतं. गोचीड ताप, म्हणजे थायलेरिया, संकरित गाईंना सहज पाडतो. म्हणून ५० ते साडेबासष्ट टक्के परदेशी रक्त आपल्या हवेला मानवतं, असाच सल्ला पशुतज्ज्ञ देत आले आहेत. लष्कराच्या दुग्धशाळांसाठी घडवलेल्या ‘फ्रिजवाल’ गाईतही एचएफ साडेबासष्ट टक्के आणि बाकी साहिवाल असं गणित होतं.

यातली सगळ्यात जवळची गोष्ट मात्र राहुरीची. महात्मा फुले कृषी विद्यापीठाने तिथे ‘फुले त्रिवेणी’ घडवली: निम्मं रक्त एचएफचं, पाव जर्सीचं आणि पाव गीरचं. एका वेतात तीन ते साडेतीन हजार लिटर दूध आणि फॅट चारच्या आसपास. केडगावहून राहुरी तासाभराच्या अंतरावर आहे, आणि तरी आपली माणसं गाय शोधायला पंजाब-हरियाणात जातात, याचं मला कायम नवल वाटतं. तिकडून आलेली गाय प्रवासाने खचते, पाणी-हवा बदलते, आणि आठ दिवसांत तिचं दूध निम्म्यावर येतं.

पुढच्या पिढीचं रक्त हे रेतनाच्या कांडीवर ठरतं. रेतन करणारा आला की कोणत्या वळूची कांडी भरली, त्याचा नंबर वहीत लिहून ठेवा. नाहीतर त्याच वळूची कांडी मुलीलाही भरली जाते. आपल्या राज्यात २०१५ पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे गोऱ्हा झाला तर तो सांभाळायचा खर्च गोठ्यावरच येतो. लिंगनिर्धारित कांडीने दहापैकी नऊ वेळा कालवड होते. छोट्या गोठ्याला ती थोडी महाग पडली तरी परवडते.

‘देशी पाळा, ए-टूला दुप्पट भाव आहे’

भाव आहे, पण तो डेअरीत मिळत नाही. संकलन केंद्रावरची पावती बघा. तिच्यावर लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर एवढंच असतं. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून काढतात. गाय गीर की संकरित, असा रकानाच त्या पावतीवर नाही. गीरला फॅट जास्त लागते म्हणून काही पैसे वाढतात, पण दुधाचं प्रमाण पाहता ते पुरत नाहीत. सर्वसाधारण गीर एका वेतात दीड ते दोन हजार लिटर देते. मोबाईलवर दिसणारे मोठे आकडे ब्राझीलमधल्या गीरचे असतात. तिकडे आपल्याकडूनच गेलेल्या जातीवर कित्येक पिढ्या निवड केली गेली.

ए-टूबद्दलही थोडं. बीटा केसीन या प्रथिनाचा तो एक प्रकार आहे. देशी गायींत बहुतेक तोच आढळतो, पण अनेक जर्सी आणि एचएफ गायींतही तो असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पाकिटांवरचे ए-वन, ए-टूचे दावे काढायला सांगितलं आणि काही दिवसांतच तो आदेश मागे घेतला. ज्या शब्दाचं पाकिटावर काय होणार हेच नक्की नाही, त्याच्या भरवशावर गोठा उभा करू नये.

त्याच वर्षी ३० सप्टेंबरला सरकारने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ जाहीर केलं, आणि देशी गाईमागे रोज ५० रुपये मिळणार अशी बातमी पसरली. ते अनुदान नोंदणीकृत गोशाळांसाठी आहे, घरच्या गोठ्यासाठी नाही.

तरीही मी गीरच्या विरोधात नाही. नगर शहरातल्या सावेडीतली किंवा केडगावातलीच पंधरा-वीस घरं कायमचा रतीब घ्यायला तयार असतील, तूप करून विकायची घरात हौस आणि हात असेल, तर एक गीर जरूर ठेवा. फक्त तिचा स्वभाव जाणून घ्या. वासरू तोंडाशी नसेल तर गीर पान्हा चोरते. वासरू आधी लुचवावं लागतं, धार काढताना ते समोर बांधावं लागतं, माणूस बदलला तरी ती दूध वर ओढते. कालवड व्यायला साडेतीन-चार वर्षं लागतात. संकरित कालवड अडीच वर्षांच्या आसपास विते.

‘डांगी तर आपल्याच जिल्ह्यातली’ असंही म्हणतात. खरं आहे, पण ती अकोले तालुक्याच्या घाटमाथ्यावरची, अंगावर तेलकट थर असलेली, मुसळधार पावसात काम करणारी जात; राजूरच्या प्रदर्शनात तिचा रुबाब बघावा. खिल्लार औताची आणि शर्यतीची. दोघींकडून दुधाच्या धंद्याची अपेक्षा करणं हा त्यांच्यावरच अन्याय आहे.

आणि देशीला रोग होत नाही हे तर साफ खोटं. २०२२ च्या लम्पीत राजस्थानातल्या देशी गायी हजारोंनी मेल्या. लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा, लम्पीची दरवर्षी, आणि चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला ब्रुसेलाची एकदा, ही सगळ्याच जातींना लागते.

बाजारात उभं राहिल्यावर

जातीपेक्षा समोरची गाय मोठी. दुसऱ्या वेताची, व्याल्याला महिना-दीड महिना झालेली गाय नवख्याला सगळ्यात सोपी, कारण पहिलारूचं दूध अजून कळलेलं नसतं आणि ती सडाला हात लावू देईलच असं नाही. व्यापारी आदल्या वेळची धार न काढता दूध तुंबवून आणतात. कास टम्म दिसते आणि बघणारा भुलतो. म्हणून लागोपाठ तीन धारा समोर बसून काढून घ्याव्यात. पहिली धार सोडून द्या, खरा आकडा दुसऱ्या-तिसऱ्या धारेचा. धार संपल्यावर कास पिळलेल्या फडक्यासारखी मऊ पडली पाहिजे. तरीही कडक राहिली तर दगडीचा संशय घ्या. चारही सडांची पहिली चिळकांडी काळ्या वाटीत मारून गाठी दिसतात का पाहा. शक्य असेल तर पैसे देण्याआधी ब्रुसेलाची रक्ततपासणी करा.

दोन गायी एकाच दिवशी घेऊ नका. एक आज, दुसरी पाच-सहा महिन्यांनी घेतली, म्हणजे एक भाकड असताना दुसरी दुधात राहते आणि रतीब तुटत नाही. केडगावसारख्या ठिकाणी मी पहिल्या दोन्ही गायी निम्म्या रक्ताच्या संकरित किंवा त्रिवेणीच घेईन, जिल्ह्यातल्याच गोठ्यावरून, आणि गीरचा विचार वर्षभरानंतर. शेजारच्या वस्तीला त्रास नको म्हणून शेणाची सोयही आधीच बघून ठेवावी लागते.

गाय घरी आणण्यापूर्वी कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर तपासा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन तिची नोंद आपल्या नावावर करून घ्या. २०२४ चं दूध अनुदान त्याच नोंदीवर मिळालं.