सुरतेच्या शिवारातील वसंत

सुरत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे साड्यांची बाजारपेठ आणि हिऱ्यांना पैलू पाडणारे कारखाने उभे राहतात. शिवाजी महाराजांच्या १६६४ व १६७० सालच्या स्वाऱ्यांमुळे हे नाव आपल्याला शाळेपासूनच ठाऊक असते. परंतु शहराची वेस ओलांडली की ओलपाडकडील भात, कामरेज-बारडोलीकडील ऊस व केळी, आणि दक्षिणेस नवसारी-वलसाडपर्यंत आंब्याच्या बागा असा मोठा बागायती मुलूख लागतो, याची कल्पना फार थोड्यांना असते. १९२८ चा बारडोलीचा सत्याग्रह झाला तो याच मुलुखात, शेतसाऱ्याच्या वाढीविरुद्ध. या भागातील वसंताचे हवामान कसे असते, त्यात शेतकऱ्याचे काय पणाला लागलेले असते आणि हवामानाच्या अंदाजाचा त्याला कितपत आधार मिळतो, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

वसंतातील हवा

सुरत तापी नदीच्या काठी, खंबातच्या आखातापासून थोड्याच अंतरावर वसले आहे. त्यामुळे येथील हवेवर जमीन आणि समुद्र या दोघांचा अंमल चालतो. फेब्रुवारीत रात्री सुखद गारवा असतो. मार्चपासून पारा झपाट्याने चढतो आणि मार्चअखेर ते एप्रिल या काळात दुपारचे तापमान सरासरीने ३६-३७ अंश सेल्सियसच्या आसपास जाते. सकाळी उत्तरेकडून वा पूर्वेकडून कोरडे वारे येतात. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो आणि तो उष्णतेला लगाम घालतो. ज्या दिवशी पूर्वेचा वारा जोरात असतो त्या दिवशी समुद्राचा वारा उशिरा पोहोचतो आणि पारा चाळिशी ओलांडतो. मे महिन्यात समुद्रावरील वाऱ्यांचा जोर वाढतो. तेव्हा पारा फारसा चढत नाही, पण दमटपणामुळे जीव नकोसा होतो.

किनाऱ्यावरील ३७ अंश आणि अंतर्भागातील ३७ अंश यांत फरक आहे, हे हवामान खातेही मानते. उष्णतेची लाट ठरविताना मैदानी भागात किमान ४० अंश, तर किनाऱ्यावर किमान ३७ अंश तापमान धरले जाते. शिवाय ते नेहमीच्या मानापेक्षा किमान साडेचार अंशांनी अधिक असावे लागते.

पावसाचे म्हणाल, तर वर्षाचा जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. मार्च ते मे या महिन्यांची सरासरी नगण्य आहे. पण येथेच सरासरी हा शब्द फसवा ठरतो. बहुतेक वर्षी काहीच पडत नाही आणि एखाद्या वर्षी एका संध्याकाळी वादळासह पाऊस, क्वचित गाराही, कोसळतात. आपल्या बेळगाव-निपाणीकडे एप्रिल-मेमधला वळीव आला की आपण आनंदतो. हवा गार होते, जमीन नांगरटीला येते. सुरतेकडे अशा पावसाला ‘मावठुं’ म्हणतात, आणि हा शब्द उच्चारताना शेतकऱ्याच्या कपाळावर आठी पडते. पाऊस दोन्हीकडे पाण्याचाच. फरक आहे तो त्या वेळी शेतात काय उभे आहे याचा.

हा पाऊस येतो कोठून? भूमध्य समुद्राच्या बाजूने हवेच्या कमी दाबाचे पट्टे हिवाळ्यात व वसंतात उत्तर भारतावरून पूर्वेकडे सरकतात. त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. त्यांच्या प्रभावाने कधी कधी राजस्थान-गुजरातवर वाऱ्यांचे चक्र तयार होते, ते अरबी समुद्रावरील बाष्प ओढून घेते, आणि तापलेल्या हवेत ढगांचे मनोरे उभे राहतात.

तीन पिके, तीन चिंता

पहिली चिंता आंब्याची. हापूस, केसर, राजापुरी या जातींना मोहोर येण्यासाठी थंड रात्री लागतात. थंडी लवकर संपली तर मोहोर कमी येतो किंवा मागेपुढे येतो. आभाळ भरून हवा दमट राहिली तर तुडतुडे व भुरी मोहोर खातात. पुढे फळ वाटाण्याएवढे असताना उष्णतेची लाट आली तर गळ होते, आणि फळ भरल्यावर वादळ आले तर तयार माल जमिनीवर येतो. १७ मे २०२१ च्या रात्री ‘तौक्ते’ चक्रीवादळ सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा गीरबरोबर दक्षिण गुजरातच्या बागांनाही झळ बसली. २०२५ च्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गुजरातभर झालेल्या वादळी पावसानेही ऐन हंगामात आंबा पाडला.

दुसरी चिंता उन्हाळी भाताची. जानेवारी-फेब्रुवारीत लावणी आणि मे महिन्यात कापणी असा याचा क्रम आहे. भात फुलोऱ्यावर असताना तापमान ३५ अंशांच्या फार वर गेले तर परागकण निकामी होतात आणि लोंब्या पोचट राहतात. कापणीनंतर पेंढ्या शेतात वाळत असताना पाऊस आला तर दाणा काळा पडतो, त्याला कोंब फुटतात, आणि बाजारात भाव मिळत नाही.

तिसरी चिंता उसाची. येथील सहकारी साखर कारखाने साधारणपणे मार्चअखेर उसाचे अंतिम दर जाहीर करतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तुटलेल्या उसाला आधीच्या महिन्यांपेक्षा जास्त दर देण्याची पद्धत आहे. साहजिकच पुष्कळांचा ऊस या काळात उभा असतो. अशा वेळी मावठुं झाले की शेतात चिखल होतो, गाड्या रुततात, तोड थांबते. डांग आणि आपल्या खानदेशातून आलेल्या तोडणी मजुरांच्या टोळ्यांना तितके दिवस कामाविना बसावे लागते. टनावर मजुरी घेणाऱ्याला भरपाई कोण देणार?

वसंताचे पाणी आदल्या श्रावणात

या मुलुखाचा उन्हाळा कालव्यांवर चालतो. तापीवर काकरापारचा बंधारा स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात झाला आणि उकाईचे मोठे धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले. उकाईची पूर्ण पातळी ३४५ फूट आहे. उन्हाळी भाताला किती पाळ्या मिळणार हे या पातळीवरून ठरते. आता गंमत पाहा. तापीचा उगम मध्य प्रदेशात मुलताईला होतो. पूर्णा, गिरणा यांसारख्या नद्यांचे पाणी घेऊन ती खानदेशातून उकाईला येते. म्हणजे ओलपाडच्या शेतकऱ्याचे मार्चमधले पाणी आदल्या ऑगस्टमध्ये भुसावळच्या वरच्या अंगाला पडलेले असते. वसंतातील पाऊस कोणाला सांगता येत नाही, पण वसंतातील पाणी मात्र दिवाळीतच मोजता येते. हंगामाचा सर्वांत भरवशाचा अंदाज हाच होय.

अंदाज कसा वाचावा

होळीची ज्वाळा कोणत्या दिशेला झुकते यावरून पावसाळ्याचे भाकीत करण्याची चाल गुजरातेत आहे. आपल्याकडे सहदेव-भाडळी, तसे त्यांच्याकडे भडलीची वाक्ये. आज या जोडीला शास्त्रीय अंदाज आहेत. १८७५ मध्ये स्थापन झालेले भारतीय हवामान खाते आणि नवसारीचे कृषी विद्यापीठ यांच्यामार्फत मंगळवारी व शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. पण अंदाज एक नसतो. काही तासांचा, तीन दिवसांचा, दहा दिवसांपर्यंतचा, चार आठवड्यांचा आणि संपूर्ण हंगामाचा असे त्याचे प्रकार आहेत. मुदत जितकी लांब तितका तपशील कमी. हंगामाचा अंदाज वाचून अमुक दिवशी कापणी करावी असे ठरविणे चूक, आणि तीन दिवसांचा अंदाज पाहून पीक कोणते घ्यावे हे ठरविणेही चूकच.

शब्दांचा अर्थही नीट घ्यावा लागतो. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ याचा अर्थ थोडा पाऊस असा नव्हे. विभागातील एकचतुर्थांशपर्यंत ठिकाणी पाऊस पडेल, एवढेच तो सांगतो. त्या ठिकाणी तो मुसळधारही असू शकतो.

येथे वाणिज्य शाखेचे गणित उपयोगी पडते. समजा, कापलेले भात झाकण्यास ताडपत्री व मजुरी मिळून २,००० रुपये लागतात, आणि न झाकल्यास पावसाने २०,००० रुपयांचे नुकसान होते. खर्च नुकसानीच्या एकदशांश आहे. तेव्हा पावसाची शक्यता दहात एकापेक्षा अधिक असली तर झाकणेच शहाणपणाचे; मग दहापैकी सात-आठ वेळा पाऊस न येवो. उलट, कैऱ्या अकाली उतरविल्याने मालाची निम्मी किंमत जात असेल, तर वादळाची शक्यता निम्म्याहून अधिक असल्याशिवाय झाडाला हात लावू नये. अंदाज एकच, पण भातवाल्याचा आणि आंबेवाल्याचा निर्णय वेगळा, आणि दोघेही बरोबर. ‘अंदाज चुकला’ म्हणून हवामान खात्याला हसण्यापूर्वी एवढे गणित प्रत्येकाने मांडून पाहावे.

लांबच्या बातमीवरून घाई करण्याचा धोकाही असतो. २०२५ मध्ये मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत आला. मुंबईहून सुरत फार दूर नाही, पण मान्सून मध्येच थबकला आणि गुजरातेत शिरायला जूनचा मध्य उजाडला. केवळ मुंबईच्या बातमीवर जो पेरणी करील त्याचे बियाणे वाया जाण्याची भीती असते.

जोखीम कोणाची?

नुकसान झाल्यावर ते कोणाच्या खात्यावर पडते, हा प्रश्न उरतोच. बाग मोहोरावर असतानाच मक्त्याने दिली असेल तर वादळाचा फटका मक्तेदाराला बसतो. म्हणूनच तो भाव पाडून मागतो. गुजरात सरकारने २०२० मध्ये पीकविम्याऐवजी किसान सहाय योजना आणली, पण ती खरीप पिकांसाठी होती. त्या चौकटीत वसंतातील भात आणि आंबा बसत नव्हते. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशाचे सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या सर्व फेब्रुवारी महिन्यांत सर्वाधिक होते, आणि त्याआधी मार्च २०२२ नेही असाच उच्चांक केला होता. वसंत असा तापू लागला असताना संरक्षण फक्त पावसाळी पिकांना असावे, हे हिशेबात बसत नाही.

गावोगावच्या सहकारी सोसायट्यांच्या फळ्यावर खताच्या भावाबरोबर धरणाची पातळी, पाच दिवसांचा अंदाज आणि वर सांगितलेले खर्च-नुकसानीचे प्रमाण लिहिता आले, तर फारसा खर्च न येता पुष्कळ काही वाचेल. हे काम सुरतेत होण्यासारखे आहे, तसे आपल्या सीमाभागातही. ते करण्यास मोठी यंत्रणा नको. आकडे वाचता येणारा आणि शेतकऱ्याच्या भाषेत ते सांगू शकणारा एखादा विद्यार्थी पुरेसा आहे.